सातव्या पानावरचे दोन गैरहजर

१

टेबलावर सातवं पान दोनदा ठेवलेलं होतं. त्यातलं एक खोटं होतं, एवढ्यावर मात्र खोलीतल्या सगळ्यांचं एकमत होतं.

येलदरीच्या मच्छीमार संस्थेची कचेरी म्हणजे दोन खोल्या आणि एक पडवी. खिडकीतून धरणाचं पाणी दिसायचं. अध्यक्ष दिनकरराव खुर्चीत पुढे सरकून बसले होते. त्यांच्या शेजारी सचिव भुजंग. आणि भिंतीशी, बसा म्हटलं तरी न बसलेली, सुलाबाई.

वरच्या कार्यालयातून पत्र आलं होतं. यापुढे होडीचा परवाना फक्त मूळ सभासदांना किंवा त्यांच्या वारसांना मिळेल. १९९६ ची छापील यादी शुक्रवारी सादर करा. कपाटातून यादी काढली तर सातव्या, म्हणजे शेवटच्या पानावर सुलाबाईच्या नवऱ्याचं, सिद्धोधनचं नाव नव्हतं. तो गेल्यापासून चौदा वर्षं ती त्याच्याच परवान्यावर होडी चालवत होती. ती घरी गेली आणि पेटीतून आपलं पान घेऊन आली. त्या काळी सिद्धोधननं घरोघर फिरून नावं गोळा केली होती, म्हणून छापखान्यानं शेवटच्या पानाची एक जादा प्रत त्याला दिली होती. तिच्या पानावर सिद्धोधन होता. पण ते पान तिनं गेल्या वर्षी लॅमिनेशन करून आणलेलं. प्लास्टिकखाली ते काल छापल्यासारखं चकाकत होतं. कपाटातलं पान मात्र पिवळं पडलेलं, कडा मऊ झालेल्या.

"मुंजाजी," दिनकरराव म्हणाले, "यादी जिंतूरला नागनाथरावांच्या छापखान्यात छापली. प्रूफं तुमी वाचली. आता सांगा, यातलं खरं पान कोणतं?"

मुंजाजींनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. चाळीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांच्या चुका शोधल्या होत्या. पण स्वतःचं काही ठामपणे सांगायची वेळ आली की त्यांची जीभ टाळूला चिकटायची. त्यांनी आठवायचा फार प्रयत्न केला. आठवलं ते एवढंच, की त्या वर्षी छापखान्याच्या पत्र्यांवर माकडं फार यायची.

"नाही आठवत," ते हळूच म्हणाले.

"काकांनी सत्तरी ओलांडली, साहेब. नाहक तकलीफ दिली त्यांना," भुजंग म्हणाला. "त्यापेक्षा सुलाबाईची भाची कुठं कामाला हाय, ते इचारा की."

ते सगळ्यांनाच माहीत होतं. आता हयात नसलेल्या नागनाथरावांनी स्वतः घडवलेली संगणकाची अक्षरं त्यांच्या जुन्या यंत्रात अडकून पडली होती. ती नव्या कॉम्प्युटरवर आणायचं काम दोन महिने मनिषा करत होती. मनिषा म्हणजे सुलाबाईच्या बहिणीची मुलगी.

"अक्षरं तिच्या हातात, कागद हिच्या पेटीत," भुजंग बोटं मोडत म्हणाला. "आता आणखी काय पायजे?"

"माझ्या पोरीचं नाव घ्यायचं काम न्हाई!" सुलाबाई कडाडली.

दिनकररावांनी हात वर केला. "शुक्रवारपर्यंत थांबतो. तवर काही निघालं न्हाई, तर परवाना रद्द, आणि मनिषावर तक्रार. माझा नाइलाज हाय, बाई."

मुंजाजी मान खाली घालून दोन्ही पानं पाहत होते. अर्थ न वाचता फक्त आकार वाचायची त्यांची जुनी सवय. सुलाबाईच्या पानावर प्रत्येक नावाआधी 'श्री.' होतं, यादीच्या पहिल्या सहा पानांवर होतं तसंच. कपाटातल्या पानावर एकाही नावाआधी ते नव्हतं.

"हे असं का?" त्यांनी विचारलं.

भुजंग हसला. "सातव्या पानावर कोण हायत ते बघा, काका. मजूर, जाळी विणणारे, वस्तीवरचे लोक. तवा कोण देत व्हतं त्यांना श्री?"

सुलाबाईनं नजर खिडकीबाहेर वळवली. ते पटण्यासारखं होतं, आणि पटतंय याचीच प्रत्येकाला लाज वाटत होती.

मुंजाजींनी नावं मोजली. यादीला शेवटी बेरीज नव्हती. सुलाबाईच्या पानावर बावीस नावं होती, कपाटातल्या पानावर वीस.

म्हणजे एकटा सिद्धोधन गायब नव्हता. त्यांनी बोट फिरवत पुन्हा पाहिलं. दुसरं नाव होतं ज्ञानोबा.

"ह्या ज्ञानोबाचं कोण आहे आता?"

"कुणीच न्हाई," सुलाबाई म्हणाली. "ना बायको, ना लेकरू. अठ्ठ्याण्णवला मेला. जाळी सांधायचा."

मग ज्याला वारसच नाही, अशा मेलेल्या माणसाचं नाव कुणी कशाला काढील? किंवा कशाला घालील?

२

जिंतूरच्या बसमध्ये मुंजाजी स्वतःलाच दटावत होते. आपण काही पोलीस नाही. आपण फक्त वाचतो. पण ज्ञानोबा डोक्यातून जाईना.

सुलाबाईनं खोटं पान केलं असतं, तर तिनं नवरा घातला असता. शेजारचा बेवारस म्हातारा कशाला घालायचा? आणि दुसऱ्या कुणी खोटं पान केलं असलं, तर त्यानं सिद्धोधनला वगळलं असतं. परवान्याची जागा रिकामी झाली असती. ज्ञानोबाची जागा तर अशीही रिकामीच होती. कोणत्याही बाजूनं धरा, हा माणूस हिशेबात बसत नव्हता.

छापखान्याच्या पुढच्या खोलीत मनिषा कॉम्प्युटरसमोर होती. पडद्यावर एक अक्षर प्रचंड मोठं करून मांडलेलं: काळ्या-पांढऱ्या चौकोनांची जाळी, जसं रांगोळीच्या ठिपक्यांत कुणी 'ळ' भरावा. नागनाथरावांनी असं एकेक अक्षर आलेखाच्या कागदावर टिंब टिंब भरून काढलं होतं. नव्या अक्षरांसारखी ती ओढून लहानमोठी होत नसत. टिंबं मोजून घातलेली, तेवढीच.

मुंजाजी आत आले तशी तिनं टेबलावरचा एक कागद झटकन उचलला आणि खणात टाकला. खण बंद केला. किल्ली फिरवली.

"बसा काका. पाणी आणू?"

"नको. मी येलदरीहून आलो."

"कळलं मला. मावशीचा फोन आलता." तिचा चेहरा घट्ट होता. "तुमी मलाच इचारायला आलाव. मी छापलं का म्हणून."

मुंजाजींच्या कानाची पाळी लाल झाली. तेच विचारायला आले होते ते. "तुला छापता आलं असतं का?"

"आलं असतं. आज बसले तर घंट्याभरात छापून देते. सगळी अक्षरं आता बरोबर उमटायलीत." ती त्यांच्याकडं वळली. "खोटं सांगितलं असतं, तर तुमाला बरं वाटलं असतं का?"

"त्या खणात काय आहे?"

"माझं काम," ती म्हणाली आणि पडद्याकडे वळली.

मुंजाजी उठले. चाळीस वर्षांत त्यांना एक गोष्ट पक्की कळली होती. माणूस कागद लपवतो तो दोनच कारणांनी: त्यावर गुन्हा असतो म्हणून, नाहीतर चूक असते म्हणून. यातलं कोणतं, ते बाहेरून ओळखता येत नाही.

३

मागच्या खोलीत नागनाथरावांचा मुलगा बुद्धभूषण जुन्या यंत्रावरची धूळ फडक्यानं झटकत होता. हैदराबादहून जुन्या बाजारातून आणलेलं ते यंत्र, लोखंडी पेटीसारखं जड. शेजारी टिंबांचा प्रिंटर.

"हे अजून चालतं?" मुंजाजींना आश्चर्य वाटलं.

"चालतंय की. पण कधी बंद पडंल भरवसा न्हाई. म्हणून तर मनिषाला काम दिलं." त्यानं बटण दाबलं. बराच वेळ घरघर झाली. मग त्यानं दोन कळा दाबल्या आणि प्रिंटर करकरला. कागदावर 'श्री' उमटलं होतं. रुंद, ऐसपैस, जणू पाटावर मांडी घालून बसलेलं.

"बाबांनी ह्या अक्षराला दुप्पट जागा दिली व्हती," बुद्धभूषण म्हणाला. "म्हणायचे, देवाला लोक देतातच, माणसाला द्यायचं तर चेपून कशाला द्यायचं?"

मुंजाजींनी त्या कागदावरून बोट फिरवलं. "मग सातव्या पानावर नागनाथरावांनी ते दिलं नसतं, असं वाटतं तुला?"

बुद्धभूषणचा हात थांबला. "वाटायला काय लागतंय, काका? पण तवा संस्थेवर कोण व्हतं, त्यांनी काय सांगितलं, बाबांना पोट व्हतं... मला कळून घ्यायचं न्हाई. बाबांनी आपल्याच लोकांचं श्री खाल्लं, हे कळण्यापेक्षा न कळलेलं बरं."

मुंजाजींना पुढचा प्रश्न विचारणं जड गेलं. पण विचारला. "भूषण, या यंत्रावर दोन्हीतलं कोणतंही पान तूही छापू शकतोस."

"म्हणजे शक माझ्यावर?"

"तू पर्यटकांच्या होडीसाठी संस्थेकडं अर्ज केलायस, असं ऐकलं. एक जागा रिकामी झाली तर..."

"अर्ज केला. लपवलं न्हाई." त्याचा आवाज चढला. "सुलाबाईच्या ताटातलं उचलून मी होडी चालवीन का?"

"ही अक्षरं आणखी कुणाकडं आहेत?"

"कुणाकडंच न्हाई," बुद्धभूषण म्हणाला, आणि आधीच स्वच्छ झालेलं यंत्र पुन्हा पुसायला लागला.

मुंजाजींनी ते पाहिलं. प्रश्न यंत्राला नव्हता. मग हा माणूस उत्तर त्याला का देतोय?

४

बुधवारी ते पुन्हा येलदरीला गेले. सुलाबाई काठावर होडीतलं पाणी उपसत होती.

"आलाव दादा? काही निघालं?"

"नाही अजून."

"मनिषावर डोळा ठिवायलाव तुमी. मला समदं कळतंय." तिनं डबा आपटला. "ती पोरगी खोटं करणारी असती, तर माझं पान असं चकचकीत करून आणू दिलं असतं का तिनं? म्हणाली असती, मावशे, जुनं दिसू दे."

साधीच गोष्ट, पण मुंजाजींच्या लक्षात आली नव्हती. पुरावा नव्हता तो, तरी गोष्ट खरी होती.

"सिद्धोधनची जागा गेली, तर ती कुणाला मिळणार?"

"कमिटी ठरवणार. भुजंगाचा मेहुणा दोन वर्षं चकरा मारायलाय. तुमच्या छापखानेवाल्याचाबी अर्ज हाय." ती खिन्नपणे हसली. "एका होडीत किती जण बसणार, बघा."

कचेरीत भुजंग एकटाच होता. त्यानं चहा मागवला, पंखा लावला, फार आदरानं वागला. "इचारा काका, काय इचारायचं ते. आपल्याकडं लपवण्यासारखं काही न्हाई."

"हे कपाट कुणाकुणाकडं असतं?"

"किल्ली माझ्याकडं, एक साहेबांकडं. पण दिवसभर ते उघडंच असतं. तुमचा बुद्धभूषण येतो, सुलाबाई येते. कुणाचा हात धरायचा?"

कपाटाच्या खालच्या कप्प्यात भोकं पाडलेल्या जुन्या कागदाचा गठ्ठा होता, पिवळा पडलेला. शेजारी माशांच्या वजनाच्या पावत्या काढायचा प्रिंटर. मुंजाजींनी दोन्ही पाहिलं.

"नागनाथरावांची अक्षरं या कॉम्प्युटरवर नाहीत?"

"छ्या! आमाला कशाला लागतेत ती?"

चहा येईपर्यंत मुंजाजी भिंतीवरचं वाचत बसले. भिंत दिसली की ते वाचत. मासळीचे दर, एक कॅलेंडर, आणि सर्वसाधारण सभेची सूचना, गेल्या शनिवारची तारीख घातलेली. सूचना नागनाथरावांच्याच अक्षरांत होती. फक्त माथ्यावरचं '॥ श्री ॥' तेवढं निळ्या पेनानं हातानं काढलेलं, वळणदार. खाली दिनकररावांच्या आणि भुजंगच्या नावाआधी पण तसंच, निळ्या शाईत.

"ही सूचना?"

"ती जिंतूरला छापून आणली, छापखान्यातून."

"आणि श्री हातानं?"

भुजंगनं दोन्ही हात जोडून छातीशी नेले. "देवाचं नाव, काका. यंत्रानं कशाला काढायचं? हातानंच लिहावं."

मुंजाजींना ते आवडलंसुद्धा. बसमध्ये बसल्यावर मात्र त्यांना काहीतरी टोचायला लागलं. मजकुरात चूक असते आणि डोळा पुढे निघून जातो, तेव्हा टोचतं तसं. पण चूक कुठे होती?

५

"तो खण उघड," गुरुवारी सकाळी ते मनिषाला म्हणाले. स्वतःच्या आवाजानं ते स्वतःच दचकले.

मनिषानं त्यांच्याकडं पाहिलं. मग खण उघडून कागद समोर ठेवला. "घ्या. तुमच्यापासूनच लपवला व्हता. दुसऱ्या कुणाचं भ्या न्हाई वाटत मला. तुमच्यासमोर चुकीचा कागद ठिवायची लाज वाटती."

पानभर अक्षरं छापलेली. सगळी नीट, तीन सोडून. 'श्री', 'ज्ञ' आणि 'क्ष'. कुणी मधोमध कापून उजवा तुकडा डावीकडं आणि डावा उजवीकडं चिकटवावा, तशी ती दिसत होती.

"हे काय झालं?"

"सांगते." तिनं चार चिठ्ठ्यांवर आकडे लिहिले आणि टेबलावर मांडल्या: एक, दोन, तीन, चार. "अक्षराची एक आडवी ओळ धरा. आठ-आठ टिंबांची एक चिठ्ठी. साध्या अक्षराला दोन चिठ्ठ्या लागतात, रुंद अक्षराला चार. जुनं मशीन डावीकडून ठिवतं आणि डावीकडून वाचतं. नवं मशीन उलटं. शेवटची चिठ्ठी आधी उचलतं. फाईल तशीच उचलून आणली, तर सगळंच उलटंसुलटं उमटतं. पहिल्या खेपेला तेच झालं."

"मग?"

"मग मी जोडीजोडीनं अदलाबदल केली." तिनं चिठ्ठ्या सरकवल्या: दोन, एक, चार, तीन. "साध्या अक्षराच्या दोनच चिठ्ठ्या. दोन-एक ठिवल्या, नव्या मशीननं उलट्या वाचल्या, एक-दोन. झालं बरोबर. पण रुंद अक्षर? ह्या चार आता शेवटाकडून वाचा."

मुंजाजींनी वाचलं. "तीन, चार, एक, दोन."

"उजवा अर्धा पुढं, डावा मागं. चारी चिठ्ठ्या एकदम फिरवायच्या व्हत्या, मी दोन-दोन फिरवल्या. रुंद अक्षरं अख्ख्या फॉन्टमध्ये तीनच, म्हणून गेल्या आठवड्यात सोमवारी ध्यानात आलं न्हाई. ते त्याच आठवड्यात बुधवारी दुरुस्त केलं."

मुंजाजी बराच वेळ चिठ्ठ्यांकडं पाहत राहिले. 'श्री' आणि 'ज्ञ'. श्री नसलेलं पान. ज्ञानोबा नसलेलं पान.

"मनिषा," ते सावकाश म्हणाले, "त्या पानावरून ज्ञानोबाला कुणी काढलं नाही. त्याला लिहिता आलं नाही."

ती उभी राहिली. "म्हणजे ज्यानं छापलं त्याच्याकडं..."

"तुझी सोमवारची फाईल होती. फक्त सोमवारची. भूषण!"

बुद्धभूषण दारात आला. चिठ्ठ्या, कागद, दोघांचे चेहरे त्यानं पाहिले आणि काय विचारलं जाणार हे त्याला न विचारताच कळलं.

"मनिषाला शब्द दिला व्हता, काम पुरं झाल्याबिगर कुणाला देणार न्हाई म्हणून," तो खालच्या आवाजात म्हणाला. "पण त्याच सोमवारी दुपारी एक जण पेनड्राइव्ह घेऊन आला. म्हणला, नागनाथरावांची अक्षरं संस्थेत दिसू द्या. मला बाबांचा अभिमान वाटला. दिली."

६

शुक्रवारी कचेरीत तीच माणसं होती, शिवाय मनिषा आणि बुद्धभूषण. सुलाबाई आजही बसली नाही.

मुंजाजींनी बोलायला सुरुवात केली तेव्हा त्यांचा आवाज पहिल्या दोन वाक्यांत दोनदा बसला. "दिनकरराव, अठ्ठ्याण्णव सालची सभेची वही आहे का?"

वही निघाली. दिनकररावांनी पानं उलटली आणि एके ठिकाणी थांबले. "शोकठराव. 'आपल्या संस्थेचे सभासद ज्ञानोबा यांच्या निधनाबद्दल...'" त्यांनी चष्म्यावरून वर पाहिलं. "खाली माझीच सही हाय."

"म्हणजे ज्ञानोबा सभासद होता. मग ज्या पानावर तो नाही, ते पान खरं कसं?"

"छापताना राहिला असंल!" भुजंग पटकन म्हणाला. "माणसाकडून चूक व्हत न्हाई का?"

"होते. माझ्याकडूनसुद्धा झाल्या आहेत." मुंजाजींनी मनिषाचा सोमवारचा कागद पुढे ठेवला आणि चार चिठ्ठ्यांची गोष्ट सांगितली. सांगता सांगता त्यांचा आवाज स्थिरावला. "ज्यानं खोटं पान छापलं, त्याच्याकडं श्री आणि ज्ञ मोडके उमटत होते. ज्ञानोबाला रडणारं कुणी नाही म्हणून त्याला गाळला. आणि श्री गाळलं, कारण सातव्या पानावरच्या माणसांना ते नसलं तरी कुणी विचारणार नाही, याची त्याला खात्री होती. खात्री बरोबर होती. आपण कुणीच विचारलं नाही. उलट, समजून घेतलं."

दिनकररावांनी मान खाली घातली.

"ही अक्षरं तिघांकडं होती. मनिषाकडं गेल्या आठवड्यातल्या बुधवारपासून दुरुस्त झालेली. खोटं पान करायचं असतं तर तिचं श्री नीट उमटलं असतं. भूषणकडं तर मूळ यंत्रच आहे. त्याला नव्या फाईलची गरजही नव्हती. राहिला तिसरा. त्याच्याकडं फक्त सोमवारची फाईल, भूषणनं पेनड्राइव्हवर दिलेली."

"माझ्याकडं काहीच न्हाई!" भुजंग उभा राहिला. "साहेब, हे मला नाहक गुंतवायलेत."

मुंजाजींनी भिंतीकडं बोट केलं. "ती सूचना कुठं छापली?"

"सांगितलं की. छापखान्यात."

"शनिवारची तारीख आहे," बुद्धभूषण म्हणाला. "आमच्याकडं त्याच्या आधीच्या बुधवारपासून श्री बरोबर उमटायलंय. आमी छापली असती, तर तुला पेन घ्यायची गरज न्हवती. आणि आमी छापलीच न्हाई."

"देवाचं नाव हातानं लिहिलं, तर त्यात काय गुन्हा झाला?"

"देवाचं ठीक," मुंजाजी म्हणाले. "पण दिनकररावांच्या नावाआधी? तुझ्या स्वतःच्या नावाआधी?"

भुजंगची नजर त्या निळ्या शाईवर गेली.

दिनकरराव उठले. टेबलावरचा कॉम्प्युटर त्यांनी स्वतःकडं वळवला आणि मनिषाला म्हणाले, "बाळ, ह्याच्यावर नागनाथरावांची अक्षरं हायत का, बघ. असली तर श्री काढ."

फार वेळ लागला नाही. पावत्यांचा प्रिंटर करकरला. कागद मनिषानं फाडून अध्यक्षांपुढं ठेवला. दोन तुकडे, उजवा डावीकडं, डावा उजवीकडं.

"कागद ह्याच कपाटातला," दिनकरराव जणू स्वतःशीच बोलले. "तीस वर्षांपूर्वीचा उरलेला. म्हणून पिवळा." मग ते भुजंगकडं वळले. "खरं पान कुठं हाय?"

"जाळलं," भुजंग म्हणाला. तो खुर्चीत बसला नाही, कोसळला. "मेहुणा रोज दारात बसायलाय, साहेब. बहिणीचं घर मोडायला आलंय. मला वाटलं, बाईमाणूस हाय, चार दिस रडंल आणि शेतात कामाला जाईल."

सुलाबाई भिंतीपासून दूर झाली. ती त्याच्यावर ओरडेल असं सगळ्यांना वाटलं. तिनं त्याच्याकडं नुसतं बघितलं. "चौदा वर्षं मी तुलाच संस्थेच्या हप्त्याचे मासे मोजून द्यायले रे. कधी एक कमी दिला का?"



दिनकररावांनी वरच्या कार्यालयाचं पत्र स्वतःच्या हातानं लिहिलं: कपाटातलं सातवं पान बनावट, सुलाबाईकडचं खरं, परवाना कायम. मग तिच्या पानासाठी हात पुढे केला. तिनं पान छातीशी धरलं.

"झेराक्स घ्या. हे न्हाई मिळायचं."

दिनकररावांनी हात मागे घेतला.

जिंतूरच्या बसला वेळ होता. मुंजाजी आणि मनिषा काठावर येऊन उभे राहिले. मनिषानं पाण्यात एक खडा भिरकावला. मग म्हणाली, "काका, तुमाला खरंच माझा शक आलता?"

नाही म्हणणं सोपं होतं. "आला होता," मुंजाजी म्हणाले. "काल सकाळपर्यंत."

तिनं ओठ आवळून मान हलवली. राग गेला नव्हता. पण ती बाजूला सरकलीही नाही.

पलीकडं सुलाबाईनं पदर खोचला होता आणि ती होडी पाण्यात लोटत होती.

"आता कुठं?" मुंजाजींनी हाक मारली.

"जाळं ओढायला. सकाळीच टाकून आलते."

"सकाळी? निकाल लागायच्या आधी?"

"मग? मासे काय तुमच्या निकालाची वाट बघायलेत?"

"आणि निकाल उलटा लागला असता तर?"

"तर रात्री चोरून ओढलं असतं." ती गुडघाभर पाण्यात थांबली. "आता उजेडात ओढते. तिथं उभं राहून काय बघायलाव दादा? मने, तूबी ये. लय जड झालंय ते."

मुंजाजींनी चपला काढल्या, धोतर वर घेतलं आणि पाण्यात पाय टाकला.